घर पाण्यात, कारभारीण किनाऱ्यावर

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की आपल्या जिल्ह्यात दोन कामांची एकदमच घाई होते. वर कातळावरच्या हापूसला कल्टार द्यायचं असतं. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्ट अशी आहे आणि ती मुदत टळली की पैसे खर्चूनही हवा तसा उपयोग होत नाही. खाली बंदरात शाकारून ठेवलेल्या नौकांवरच्या ताडपत्र्या निघू लागतात, कारण १ ऑगस्ट तोंडावर आलेला असतो. लावणी आटपून मोकळा झालेला माणूस आधी बागेत जातो की बंदरात, हे त्याच्या घरी पैसा कुठून येतो यावर ठरतं. किनाऱ्याच्या गावांत पुष्कळ घरांत तो दोन्हीकडून येतो.

शेतीखात्याच्या माणसाने बंदराबद्दल कशाला लिहावं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर सरकारनेच दिलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याआधी केंद्राच्या २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू केल्याची घोषणा झालीच होती. म्हणजे जाळं टाकणाराही आता आपल्याच बांधावरचा. निर्णय झाला तरी तो बँकेच्या खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आपल्याला शेतीत पुरेपूर ठाऊक आहे. पण आज योजनांचं पुराण लावत नाही. दोन महिने बांधून पडलेली नौका पुन्हा निघते, तेव्हा तिच्याबरोबर काय काय निघायला हवं आणि काय घरी राहायला हवं, एवढंच सांगायचं आहे.

युरोपात काही जोडपी बारा महिने नौकेवर राहतात. घर विकून किंवा भाड्याने देऊन नवरा-बायको दोघंच एका शिडाच्या नौकेवर संसार थाटतात. थंडीत समुद्र खवळला की ती नौका बांधीव बंदरात लावतात. अशा बंदराला ते मरिना म्हणतात. तिथे पाणी, वीज, दुरुस्ती सगळं मिळतं. इटलीचं सिसिली बेट, ग्रीस, तुर्कस्तान या बाजूला अशी पुष्कळ ठिकाणं आहेत. मार्च-एप्रिल उजाडला की तळ खरवडणं, रंग, इंजिनाचं तेल, दोर, गॅस, कागदपत्रं अशी यादी हातात धरून दोघं नौकेच्या मागे लागतात आणि एका सकाळी निघून जातात. त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा. त्यांची यादी आणि मिरकरवाड्यातल्या नौकामालकाच्या डोक्यातली यादी यांत फारसा फरक नाही. फरक एवढाच की त्यांच्याकडे यादी कागदावर असते, आणि यादीतलं सगळं दोघांनाही माहीत असतं.

आपल्याकडे हौसेचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. तरी घर म्हणाल तर तेही पाण्यातच असतं. ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत खलाशी नौकेवरच जेवतो आणि नौकेवरच झोपतो. ट्रॉलरवर सात-आठ माणसं, पर्सनेटच्या नौकेवर पंचवीस-तीस. केबिनमध्ये चूल, तांदळाची पोती, पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात देव. बंदरात नौका लागली तरी माणसं तिच्यावरच मुक्कामाला. यांतले पुष्कळजण आता नेपाळचे. बागायतदारांना हे नवीन नाही, बागेतला राखणदारही नेपाळचाच असतो. आंबा उतरला की बागेतला जातो, जून आला की नौकेवरचा जातो. पूर्वी खलाशी म्हणजे आपल्याच गावांतला माणूस असे. चार महिने भात लावायचं, आठ महिने नौकेवर जायचं. ते चक्र मोडलं. का मोडलं हा वेगळा विषय आहे, आणि तो मुंबईच्या गाडीत बसून गेलेला आहे.

आता तारखेचं बघू. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी आहे. पूर्वी ही बंदी १० जूनला लागायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी उठायची. माशांची वीण आणि खवळलेला दर्या ही दोन कारणं तेव्हाही होती, आताही आहेत. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागत नाही. पर्सनेटवाल्यांना तर ऑगस्टमध्येही निघता येत नाही. फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशानुसार त्यांचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच.

घोटाळा इथे आहे. कायद्याने १ ऑगस्टला वाट मोकळी होते, दर्या त्या दिवशी मोकळा होईलच असं नाही. नारळी पौर्णिमा २०२३ साली ३० ऑगस्टला होती, २०२४ साली १९ ऑगस्टला. जुन्या माणसांनी नारळ दर्यात सोडल्यावरच नौका काढायची रीत ठेवली, त्यात श्रद्धा होतीच, पण नैऋत्येचा वारा तोवर मऊ पडतो हा अनुभवही होता. आज कर्जाचा हप्ता, खलाशांना दिलेली उचल आणि शेजारच्या बंदरातली नौका निघाल्याची बातमी या तिघांनी मिळून नौकामालकाला १ ऑगस्टच्या पहाटे बाहेर ढकललेलं असतं. सुरुवातीला कोळंबीची आशा असते आणि पहिल्या मालाला भाव बरा मिळतो. त्यामुळे थांबा म्हणून सांगणं सोपं, थांबणं कठीण. पण बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असताना नौका काढणं म्हणजे हवामान खात्याचा सल्ला झुगारून फवारणी करण्यासारखं आहे. फवारणी फुकट गेली तर औषधाचे पैसे जातात. इथे काय जातं ते लिहायला नको.

नौका पाण्यात उतरवण्याआधी तळ बघा. दोन महिने बाहेर राहिलेल्या लाकडी नौकेच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात. त्यांत कापूस आणि राळ ठासून भरावी लागते. वर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग येतो, त्याचे दोन हात द्यावेत. एका हातात भागवलं तर जानेवारीतच तळ खरबरीत होतो, नौका जड चालते आणि डिझेल जास्त खाते. फायबरच्या नौकेला राळ लागत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघतच नाही. तीही तडकते. नाळेकडे आणि इंजिनाच्या बैठकीखाली हात फिरवून बघा. केसाएवढी चीर असली तरी तिच्यातून पाणी आत मुरतं. लाकूड खाणारा समुद्रातला किडा म्हणजे आपल्या आंब्यातल्या खोडकिड्याचा भाऊच. बाहेरून भोक टाचणीएवढं आणि आत बोगदा. फळी ठोकून बघा, पोकळ आवाज आला की बदला. रंगाखाली किडा मरत नाही.

इंजिनाचं म्हणाल तर पॉवर टिलर ज्याने वापरला आहे त्याला वेगळं सांगायला नको. बंद ठेवलेलं यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर बिघडतं. टाकीत तळाशी पाणी साचलेलं असतं, ते काढल्याशिवाय नवीन डिझेल ओतू नये. तेल आणि फिल्टर बदलावेत. पंख्याचा दांडा जिथून नौकेबाहेर जातो तिथलं बूच तपासावं, कारण नौकेत पाणी शिरायची ती ठरलेली जागा आहे. आत आलेलं पाणी उपसणारा पंप सुरू करून दाखवायला सांगा. पंप आहे आणि पंप चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅसची टाकी केबिनमध्ये मोकळी ठेवू नका, दोराने बांधा. बॅटरीवर झाकण हवंच.

जाळ्यांचं काम हे खरं कष्टाचं. जूनमध्ये दुमडून ठेवलेलं जाळं जुलैत उघडलं की उंदराने किती खाल्लं ते कळतं. भाताच्या कणगीला आपण जशी राखण करतो तशी जाळ्याला केली पाहिजे: जमिनीपासून वर, हवेशीर, आणि आठवड्यातून एकदा हलवून. जाळं विणणं, बोया लावणं, शिशाच्या गोळ्या तपासणं या कामात घरातल्या बायकांचेही हात लागतात. हिशोबात ती मजुरी कुठे दिसत नाही.

लाइफ जॅकेट सगळ्या नौकांवर असतात, कारण ते असल्याशिवाय कागदपत्रांचं काम पुढे सरकत नाही. पण ते असतात जाळ्यांच्या खाली, नाहीतर कुणाच्या तरी उशाशी. जेवढी डोकी तेवढी जॅकेटं, आणि ती केबिनच्या छताला हाताशी टांगलेली, असं असेल तरच उपयोग. पट्टे कुजलेत का ते ओढून बघा. नवा खलाशी आला की पहिल्याच दिवशी त्याला ते एकदा अंगात घालायला लावा. नेपाळच्या डोंगरातून आलेल्या पोराला पोहता येत असेल असं धरून चालू नका. तो लाजेने सांगायचा नाही.

बंदराच्या तोंडाशी मोठी परीक्षा असते. काजळी नदी जिथे भाट्ये-मांडवीला समुद्राला मिळते तिथे गाळाचा बांध झालेला आहे. राजिवड्याकडच्या नौकांना भरती बघूनच आत-बाहेर करावं लागतं, आणि तिथे नौका उलटल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. दापोली तालुक्यात हर्णैच्या नौका पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला असतात. त्या खाडीच्या तोंडाची तीच रड. पावसाळ्यात नदीने नवा गाळ आणलेला असतो. मे महिन्यात जिथे पाणी होतं तिथे ऑगस्टमध्ये ते असेलच असं नाही. म्हणून पहिल्या दिवशी गेल्या वर्षीच्या खुणांवर विसंबू नये, लहान होडी पुढे काढून बांबूने खोली मोजावी.

भरतीचा ढोबळ हिशोब खाजणातल्या शेतकऱ्याला पाठ असतो, इतरांसाठी सांगतो. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. वद्य पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघावं, पण कोष्टक नसलं म्हणून अडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त चढतं तसा ओढही जास्त असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून नैऋत्येचा वारा असला की खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतात. त्या वेळी बाहेर पडू नये. भरती चढत असताना, पूर्ण व्हायच्या थोडं आधी निघावं. नौका चुकून गाळात टेकलीच तर वर येणारं पाणी तिला उचलतं. ओहोटीत टेकली तर ती तिथेच बसते, आणि मग प्रत्येक लाट तिला मारते.

आता कारभारणीकडे येतो. परदेशातलं जोडपं एकाच नौकेवर असतं. आपल्याकडे घरधनी पाण्यात आणि कारभारीण किनाऱ्यावर. तांदूळ, मसाला, सुकी मासळी भरून देणं, मासळी विकणं, खलाशांची उचल कुणाला किती दिली ते लक्षात ठेवणं, सोसायटीत डिझेल परताव्याची चौकशी करणं हे ती करते. पण कागद? कागद नौकेवर. नोंदणीचा दाखला, मासेमारी परवाना, विम्याची पॉलिसी, खलाशांच्या ओळखपत्रांच्या प्रती हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत केबिनच्या फळीवर. नौकेवर कागद लागतातच. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी पळवलेल्या मच्छीमार नौकेतून आले, तेव्हापासून समुद्रात तपासणी कडक झाली आणि ती योग्यच आहे. पण नौकेबरोबर पिशवी बुडाली तर ती बाई तलाठ्यापुढे काय ठेवणार? नौका होती, तिचा नंबर हा होता, विमा या कंपनीचा होता, नवरा तिच्यावर त्या दिवशी होता, यातलं प्रत्येक वाक्य तिला कागदाशिवाय सिद्ध करावं लागतं.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दर्या शांत, हंगाम भरात, कुणाच्या मनात वादळ नव्हतं. आपल्या आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या नौका त्यात सापडल्या, माणसं बेपत्ता झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं ते हंगाम संपताना. म्हणजे ऑगस्ट निभावला की वर्ष निभावलं असं नाही. बेपत्ता माणसाची गोष्ट मयत माणसापेक्षा घराला जड जाते. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला मयत धरावं असा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. सरकारने खास आदेश काढला तर वाट लवकर निघते. तोवर बँकेतलं खातं, सातबारावरचं नाव, विमा सगळं अडून राहतं. त्या घरी थोडी बाग असली तर तिच्यावर कर्ज काढायलाही सही कुणाची, हा प्रश्न.

म्हणून नौका निघण्यापूर्वी एक संध्याकाळ दोघांनी समोरासमोर बसावं. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घरच्या ट्रंकेत ठेवाव्यात आणि फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये. विम्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचून घ्यावं. लग्नाआधी काढलेल्या कागदावर आईचं किंवा भावाचं नाव तसंच राहिलेलं असतं, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नसतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. नाव नोंदलेलं आहे ना, हे सोसायटीत जाऊन बघण्याचा त्रास तेवढा आपला. नौकेचा विमा वेगळा, हा विमा वेगळा. पुष्कळांना एक काढला म्हणजे दुसरा आलाच असं वाटतं.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि पोलीस पाटील ही पुरवणी वाचतात, त्यांना एक विनंती. हंगाम सुरू होताना गावातला कोण माणूस कुठल्या नौकेवर, तिचा नंबर काय, बंदर कोणतं, घरचा फोन कोणता, एवढी एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी. आपला माणूस रत्नागिरीच्याच नौकेवर असतो असं नाही, तो दुसऱ्या जिल्ह्यातही जातो. गावात राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांचाही त्यात समावेश असावा, त्यांच्या मूळ गावच्या पत्त्यासह. वादळाचा इशारा आला की जयगड, देवगडसारख्या आडोशाच्या बंदरांत परक्या नौका गर्दीने येऊन लागतात, परराज्यातल्यासुद्धा. अशा वेळी आपली नौका तिथे पोचली का, एवढं कळायला वही असली तर चार फोन पुरतात. नसली तर अख्खं गाव बंदरावर जाऊन उभं राहतं.

संपर्काची साधनं आता बरी झाली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेची सुरुवात झाली, तिच्यात देशभरातल्या एक लाख नौकांवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवायचं ठरलं आहे. मोबाइलचं टॉवर जिथे पोचत नाही तिथून त्यावर निरोप जातो. ते नौकेवर बसवलं असेल तर चालू कसं करायचं हे फक्त तांडेलाला ठाऊक असून चालणार नाही, तांडेलच आजारी पडला तर? तटरक्षक दलाचा समुद्रातल्या संकटासाठीचा नंबर १५५४ आहे आणि सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही केबिनच्या दारावर रंगाने मोठे लिहून ठेवा, आणि घरी चुलीमागच्या भिंतीवरही.

पूजा झाली, नारळ फुटला, टोकन घेतलं की लगेच चार दिवसांची फेरी करू नका. पहिली फेरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची ठेवा, किनारा दिसत राहील इतक्याच अंतरावर. नौका पाण्यात भिजून फळ्या पुन्हा फुगायला दिवस लागतो, तोवर आत किती पाणी येतं ते कळतं. इंजिन किती तापतं, पंख्याचा आवाज कसा येतो, नव्या खलाशाला नौका लागते का, हे सगळं त्या एका दिवसात दिसतं. त्या फेरीला बर्फ थोडाच भरा. मासळी मिळाली नाही तर निदान बर्फाचे पैसे तरी वाचतील.